क्लचवर माझा डावा पाय

गाडी खोलून परत बसवली की एखाद-दुसरा नट उरतेच. गाडी तर चालू झाली, मग हा कुठचा? माझा दामोदर म्हणते, "असू दे माय, डब्यात टाक." असं करता करता आमच्या गॅरेजात तीन डबे भरले. किस्से बी तसेच. कोणत्या गाडीतून सुटले ते नेमकं सांगता येत नाई, पण फेकवत बी नाई. डबा हलवला की वाजतात!

गॅरेज म्हणजे का, आरमोरीहून गडचिरोलीकडं निघालं की रस्त्याले लागून टिनाचं शेड. बाजूले मोहाचं झाड. झाडाखाली माझ्या सुनेचा, वनिताचा, चहाचा ठेला. शेडमधी गाडीखाली माझा पोरगा दामोदर. आणि गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर, मी!

मले गाडी चालवता येत नाई. शाळेची पायरी बी मी पाहिली नाई. पण क्लचची हवा काढायले माणसं दोन लागतात. पेडल दाबलं की तेल बारीक नळीतून खाली जाते, खालच्या सिलिंडरले ढकलते, मग गिअर सुटते. त्या नळीत हवा घुसली की खेळ बिघडला. मग एकानं वर पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली पडून निपल, म्हणजे हवा सोडायचा बारीक नट, खोलायचा, हवा फुस्स करून निघाली की निपल बंद. दामोदर खालून ओरडते, "दाब... धर... सोड!" मी वरून जबाब देते, "दाबलं!", "सोडलं!" एका गाडीले वीसदा, तीसदा. वरचा मास्टर सिलिंडर बदला, खालचा सिलिंडर बदला, नळी बदला, शेवटी काम माझ्या डाव्या पायाशी येतेच.

आणि त्याच पायाची गोष्ट आधी सांगून टाकते. साखरेची बिमारी लागली तसा दोन वर्षांपासून डावा तळवा झोपू लागला. आधी अंगठा, मग बोटं, मग टाच. कोणाले बोलली नाई मी. दामोदरले समजलं असतं तर तो मायेनंच म्हणाला असता, "माय, आता घरी बस." आणि मले घरी बसायचं नव्हतं. घरी बाज आहे, पंखा आहे, टीव्ही आहे. पण घरी कोणी "दाब" म्हणत नाई!

*

पहिल्या दिवशीचं सांगते. तेव्हा पाय ठणठणीत होता. वनिता माहेरी गेली होती आणि गाडीवाला घाई करून राह्यला होता. दामोदर म्हणाला, "माय, चढ गाडीत. मी सांगीन तसं पेडल दाब."

मी चपला खाली काढल्या. चढली, पेडलले हात लावला, हात कपाळाले लावला.

दामोदर हसून राह्यला. "माय, देवळात नाई आली तू!"

"देवळात कशावर पाय ठेवा लागत नाई," मी म्हटलं. "इथं ठेवून राह्यली, म्हणून पाया पडली!"

तेव्हापासून अनवाणीच. धानाच्या बांधीत, चिखलात, कोणी चप्पल घालून उतरते का?

*

पुंडलिक भाऊची काळीपिवळी जीप आली. आमच्याकडं सवाऱ्यांच्या जीपले काळीपिवळीच म्हणतात, आणि पुंडलिक तिच्यात नऊच्या जागी चौदा बसवते. आल्या आल्या रडकं तोंड. "दामोदर, क्लचप्लेट गेली! गिअर पडून नाई राह्यला. शहरातल्या मिस्त्रीनं सांगितलं, गिअरबॉक्स उतरवा लागते!"

दामोदरनं मले वर बसवलं. मी एकदा दाबलं, पाय सरसर खाली गेला. लगेच दुसऱ्यांदा दाबलं, थोडा वर अडकला. तिसऱ्यांदा आणखी वर.

"प्लेट नाई," मी म्हटलं. "हवा आहे."

पुंडलिक खिडकीत डोकं घालून म्हणते, "आजी, तुम्हाले कसं मालूम?"

"बापू, चाळीस वर्षं धानाचा रोवणा केला मी. चिखलात पाय टाकला की कुठं थांबला पायजे ते पायाले मालूम असते. हा पाय थांबायच्या जागी थांबून नाई राह्यला. आणि तुझी प्लेट गेली असती, तर गिअर पडला असता, इंजिन कोकललं असतं आणि गाडी जागची हलली नसती. जळका वास आला असता तो वेगळा."

दामोदरनं बोनेट उघडून तेलाची डबी पाहिली, कोरडी! डबी रिकामी झाली म्हणून हवा घुसली. खाली गिअरबॉक्सजवळ सिलिंडर पाझरून राह्यला होता. रबर बदललं, तेल भरलं, दाब-धर-सोड केलं, दुपारी गाडी मोकळी.

पुंडलिक जाताना म्हणते कसा, "दामोदर, बोर्डावर आजीच्या पायाचा फोटो लाव!"

*

थंडीत चैतू भाऊ आले, पार धानोऱ्याच्या पलीकडून, जंगलातल्या गावाहून. शांत माणूस. गाडीची तक्रार सांगतात तर अशी, "आमची गाडी उशिरा उठते."

दामोदर म्हणाला, "म्हणजे स्टार्ट होत नाई?"

"स्टार्ट होते. क्लच उठत नाई. सकाळी पेडल गोट्यासारखं. उन्हं आली की जरा मऊ. दुपारी बरं चालते. संध्याकाळी परत झोपते."

दामोदरचं डोकं चालेना. वीस वर्षांत दुपारी सुधारणारा क्लच त्यानं पाहिला नव्हता! मी चढली. सकाळची वेळ. दाबलं तर पाय हलेना. जोर लावला तेव्हा गेलं खाली, आणि गेलं ते खालीच राह्यलं. वर यायचं नावच नाई. अशा वक्ती तेलात चूक असते, नाई तर रबर फुगलं असते. पण मले वेगळाच वास येऊन राह्यला होता. घरचा वास.

तेवढ्यात वनिता चहा घेऊन आली. नाक वर करून म्हणते, "आत्याबाई, गाडीत वडे कोणी तळले?"

दामोदरनं डबीचं झाकण काढलं. आत पांढरं, तुपासारखं थिजलेलं! मोहाच्या टोरीचं, बियांचं तेल!

"काकाजी! हे काऊन टाकलं?"

चैतू भाऊ बिलकुल लाजले नाई. "जंगलात तुझं दुकान नाई ना! डबी रिकामी झाली. घरी तेल होतं, घातलं. दोन महिने चालवली ना गाडी! तुझ्या तेलानं कोणती दोन महिने चालते, सांग?"

सारी नळी धुवा लागली, रबरं सारी बदला लागली. फुगून जांभळाएवढी झाली होती. काढलेलं तेल दामोदर फेकून राह्यला होता, तर चैतू भाऊ म्हणाले, "थांब बापू, दिव्याले होईल."

*

या सीटवर बसण्यात एक सुख आहे, ते दामोदरले बी सांगितलं नाई मी. पेडल दाबून धरलं की समोरच्या काचेत सारं रान येते. गाडी जॅकवर, चाकं हवेत, आणि मी निघाली! वैनगंगेचं पाणी खालून चमकते, पलीकडं धानाच्या बांध्या, मग माझ्या माहेरची बोडी, लहानसं तळं, बोडीत कमळं, शेताच्या धुऱ्यावर माझी माय डोक्यावर शिदोरी घेऊन उभी. मी खिडकीतून हात काढते... आणि खालून आवाज येते, "सोड!" की परत टिनाच्या शेडात. किती गाड्यांत किती गावाले जाऊन आली, एक लिटर डिझेल लागलं नाई!

एकदा या सुखानंच काम केलं. एक गुरुजी आले. त्यांची गाडी वडशाच्या रेल्वे फाटकावर उभी राह्यली, की क्लच दाबलेला असून पुढं सरके. दोनदा पुढच्या बैलगाडीले टेकली. दामोदरनं सारं पाहिलं. डबी भरलेली, नळी कोरडी, खालचा सिलिंडर कोरडा. वर पायाशी चटई उचलली, तिथं बी थेंब नाई. मी दाबलं, पेडल एकदम कडक.

"गुरुजी, तुमचा पाय सैल पडत असन," दामोदर म्हणाला.

गुरुजी तापले. "सव्वीस वर्षं पोरं शिकवली, माझा पाय सैल?"

दोघांची लागली. दामोदर मले म्हणाला, "माय, तू धरून ठेव, मी यांले दाखवतो." आणि गुरुजीले बोनेटाकडं घेऊन गेला. तिकडं ते भांडत राह्यले, इकडं मी धरून बसली. फागुनाचा वारा, पळस फुललेला, मोहाचा गोड वास. डोळे कधी मिटले, समजलं नाई. सपनात मी रोवणा करून राह्यली होती, आणि पाय हळूहळू, हळूहळू चिखलात रुतत चालला होता. थंडगार चिखल. बरं वाटून राह्यलं होतं. घोटा गेला, पिंडरी गेली...

डोळे उघडले तर पाय फरशीले टेकलेला!

"दामोदर! पेडल बुडालं!"

मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर झिजलं होतं. तेल बाहेर सांडत नव्हतं, आतल्या आत मागं सरकत होतं. पटकन दाबलं तर कडक, धरून ठेवलं तर बुडते.

गुरुजी हात जोडून म्हणाले, "आजी, तुम्ही झोपेत निदान केलं!"

"जागेपणी इतका वेळ कोण धरून बसते, गुरुजी?"

*

मग पायाचे दिवस फिरले.

एक दिवस सकाळपासून दुपारपर्यंत मी शेडात फिरली, चहा प्याली, दोन गाड्या दाबल्या. जेवायले मांडी घातली तर वनिता म्हणते, "आत्याबाई, तुमच्या पायाले वायसर चिकटला!"

पाहते तर डाव्या तळव्यात लोखंडी वायसर, नटाखालची गोल चकती, रुपयाएवढा, असा रुतला की काढला तर गोल खड्डा पडलेला! सकाळपासून त्याच्यावर चालली मी, आणि मले पत्ता नाई.

वनिता माझ्याकडं पाहून राह्यली. दामोदरचा घास हातातच.

"मुद्दाम ठेवला," मी म्हटलं. "तुम्ही लोकं हरवता!"

वनिता हसली. दामोदर बी हसला. मले वाटलं, निभावलं.

त्या दिवसापासून मी चोरी शिकली. तळवा सांगत नाई तर गुडघ्याले विचारायचं. पेडल कडक असलं तर गुडघा स्टेअरिंगजवळ अडते, मऊ असलं तर सरळ होते. कान द्यायचे, नळीत बुडबुडा वाजते का. आणि दामोदरनं "कसं लागते माय?" विचारलं, की गुडघ्याकडं पाहून तोंडानं सांगायचं, "कडक!" कितीक गाड्या अशा गेल्या. एकही परत आली नाई. मले वाटलं, पायाविना बी जमते.

*

मग मार्कंड्याची जत्रा आली. पुंडलिकची काळीपिवळी परत आमच्याकडं. जत्रेच्या सवाऱ्या घ्यायच्या म्हणून नवा सिलिंडर बसवला, हवा काढली. दामोदरनं खालून विचारलं, "माय, आली कडक?"

त्या दिवशी गुडघा दुखून राह्यला होता. त्यानं बी बरोबर सांगितलं नाई. मी अंदाजानं म्हटलं, "आली."

पुंडलिक चौदा सवाऱ्या घेऊन निघाला. जत्रेच्या गर्दीत पोचला, पहिल्या गिअरमधी. क्लच दाबते तर काहीच नाई! गिअर निघेना. ब्रेक मारला तर गाडी बंद पडणार, आणि त्या गर्दीत धक्का मारायले जागा नाई. म्हणून तो हॉर्न वाजवत, मुंगीच्या चालीनं, तशीच पुढं पुढं चालवत राह्यला. लोकांनी पाहिलं, गाडी थांबत नाई, वेगानं बी येत नाई, आत चौदा माणसं हात जोडून बसली. तेवढ्यात कोणी हार टाकला. एका बाईनं बोनेटावर नारळ ठेवला. दोन भजनवाले पुढं टाळ वाजवत चालू लागले! नदीची वाळू आली तिथं चाकं रुतली आणि गाडी आपसूक बंद पडली, तर सारे ओरडले, "हर हर महादेव!"

दुसऱ्या दिवशी पुंडलिक आमच्याकडं हेच सांगून राह्यला होता. "आजी, तुमच्या पायाच्या पुण्याईनं सवाऱ्या थेट काठावर! नारळ मी आणला, घ्या!"

सारं गॅरेज हसलं. वनिताच्या डोळ्यात पाणी आलं हसून हसून. मी बी हसायले तोंड उघडलं, पण हसू आलं नाई. वाळूच्या जागी पोरं खेळत असती तर? ते एकच डोक्यात.

दामोदर बी हसला नाई. तो माझ्या पायाकडं पाहून राह्यला होता. मग उठला, हात धुवायले गेला, आणि बराच वेळ धुवत राह्यला.

त्या रात्री मी ठरवलं, सकाळी सांगून टाकायचं. पाय गेला म्हणून. बाज, पंखा, टीव्ही, जे नशिबी असन ते.

पण सकाळी मी तोंड उघडायच्या आधीच तो शेडातून ओरडला, "माय! किती वेळ? गाडी थांबून राह्यली! चढ!"

*

आणि पाहा चमत्कार! त्या दिवसापासून जी गाडी येईन ती पहिल्याच दाबात कडक! गुडघा स्टेअरिंगले भिडते. दामोदर खालून विचारते, "कसं?" मी म्हणते, "दगड!" खरंच दगड. पहिल्या "दाब"ले दगड, विसाव्या "दाब"ले दगड. एकही गाडी मऊ लागेना. महिनाभर मले वाटलं, पाय परत आला. रात्री तळव्यावर तेल चोळत त्याच्याशी बोलायची मी. आलास ना बाबा, आता जाऊ नको.

मग एके दिवशी चामोर्शीकडचा एक भाऊ जीप घेऊन आला. पहाटेच आला, दामोदरनं त्याची गाडी घेतली, आणि मी घरचं आटपून नऊला पोचली.

"चढ माय," दामोदर म्हणाला आणि जीपखाली सरकला.

मी चढली. बसली तर मांडीखाली काही टोचलं. हात घातला, दहाचा पाना! निपल खोलायचा पाना तो. आमच्या गॅरेजात दहाचा एकच आहे.

खालून आवाज आला, "दाब!"

मी दाबलं. दगड.

"धर... खोलून राह्यलो... हं, निघाली हवा... सोड!"

मी हातातल्या पान्याकडं पाहिलं.

"दाब!... धर... अजून थोडी आहे... सोड!"

खिडकीतून बाहेर पाहिलं. भिंतीशी बाटली ठेवली होती, काळ्या जुन्या तेलानं भरलेली, आणि तिच्याजवळ नळी, ओली, गुंडाळून. काम कधीचंच झालं होतं, मी यायच्या आधीच. पेडल वनितानं दाबलं असन.

समोरच्या काचेत रान होतं. मोहाचा नवा पाला, तांबडा तांबडा, उन्हात दिवा लागल्यासारखा. त्या दिवशी मी नदी ओलांडली नाई, माहेरी गेली नाई. पाना हळूच सीटवर ठेवला. दार उघडलं, आवाज न करता. डावा पाय खाली टाकला, मग उजवा. मोहाखाली जुना टायर पडला आहे, त्याच्यावर जाऊन बसली. सावली होती, वारा होता.

"दाब!" दामोदर ओरडला.

"दाबलं!" मी टायरावरून म्हटलं.

"धर... धर... सोड!"

"सोडलं!"

चामोर्शीचा भाऊ जीपशेजारी उभा होता. त्यानं रिकाम्या सीटकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग खाली दामोदरच्या पायांकडं.

"कसं लागते आता, माय?"

"कडक रे! एकदम दगड!"

"झालं मग! तुझ्याबिगर नाई जमत बाप्पा हे काम!"

त्या भाऊनं काही विचारायले तोंड उघडलं. वनितानं कप त्याच्या हातात दिला.

"चहा घ्या भाऊ, थंडा होऊन राह्यला."